स्वनिवेदनातील ‘मी’ : मंत्रचळाच्या प्रश्नावल्या आणि मराठी भाषा

मनोविकारांच्या नावांत पुष्कळदा एखादे जुने रूपक दडलेले असते. नको असलेल्या विचाराने मनाचा ताबा घ्यावा, आणि त्यापासून सुटका व्हावी म्हणून माणसाने एकच कृती पुनःपुन्हा करीत राहावे, ह्या अवस्थेला आज आपण ‘ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अथवा तिच्या आद्याक्षरांवरून ‘ओसीडी’ म्हणतो. ‘ऑब्सेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ वेढा घालून बसणे असा आहे. जर्मनमधील ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. ह्या एकाच जर्मन संज्ञेचे ब्रिटनमध्ये ‘ऑब्सेशन’ आणि अमेरिकेत ‘कम्पल्शन’ असे दोन अनुवाद रूढ झाले व आजचे जोडनाव ही त्या दोन अनुवादांमधील तडजोड आहे, असे ह्या विषयाचे इतिहासकार सांगतात. कॅथलिक परंपरेत अशा धर्मशंकेला जे नाव पडले त्याचा मूळ अर्थ पायात टोचणारा लहानसा खडा. अरबीतील ‘वस्वास’ ही कानाशी होणारी कुजबुज. बंगालीत ‘शुचिबाई’ म्हणतात, आणि तेथील ‘बाई’ ही स्त्री नसून वायू आहे. मराठीचा शब्द ‘मंत्रचळ’. मंत्राच्या साधनेत काही उणे राहिले म्हणून लागलेला चळ, असा त्याचा जुना अर्थ.

वेढा, सक्ती, खडा, कुजबुज, वायू, मंत्र. ह्या सहा रूपकांत दुखणे बाहेरून आले की आतून, ते शरीरात आहे की उच्चारात, आणि त्याचा दोष कोणाकडे जातो, ह्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. मराठी शब्दात तर रोगी हा काहीसा अपराधीही ठरतो : त्याच्या हातून काहीतरी चुकले आहे. ‘आपण नीट केले नाही’ ही शंका मंत्रचळ लागलेल्या माणसाच्या दुखण्याचा गाभाच असल्याने, त्या अनामिक शब्दकर्त्याचे निरीक्षण अचूक होते असेच म्हणावे लागेल.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या विकाराची लक्षणे मोजण्यासाठी प्रौढ व्यक्तीने स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या हा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मजकुराची प्रत्येक ओळ ‘मी’पासून सुरू होते, जो एका भाषेत लिहिला गेला आणि अनेक भाषांत वाचला जातो, आणि ज्याच्या वाचनाचे फलित म्हणून वाचकालाच एक अंक मिळतो, तो मजकूर आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचा कसा मानावा? अशा प्रश्नावलीसाठी ‘आत्मनिवेदन’ हा शब्द सहज सुचतो. परंतु नवविधा भक्तीतील नववी भक्ती त्या शब्दावर आधीच हक्क सांगून बसलेली आहे, म्हणून येथे ‘स्वनिवेदन’ हा शब्द योजला आहे.

१

ह्या प्रश्नावल्यांचा इतिहास थोडक्यात पाहावयास हवा, कारण त्यात ‘काय विचारावे’ ह्याविषयीची भूमिका हळूहळू बदलत गेलेली दिसते.

इ. स. १९७० मध्ये जे. ई. कूपर ह्यांनी लंडनच्या एका भागाच्या नावावरून ओळखली जाणारी ‘लेटन’ प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी एक घरगुती कुतूहल होते. घर लखलखीत ठेवण्याचा अतोनात अभिमान बाळगणाऱ्या गृहिणी आणि त्यांची मुले ह्यांचा अभ्यास कूपर करीत होते. तिच्यात ६९ प्रश्न होते; प्रत्येक प्रश्न वेगळ्या कार्डावर छापलेला असे आणि उत्तरकर्त्याने ते कार्ड ‘होय’ अथवा ‘नाही’च्या खाचेत टाकावयाचे असे. तेवढ्यावर हे थांबत नसे. ‘होय’ पडलेली कार्डे पुन्हा हाती घेऊन, ह्या गोष्टीला तुम्ही मनातून किती विरोध करता आणि तिच्यामुळे तुमच्या इतर व्यवहारात किती व्यत्यय येतो, हे विचारले जाई. म्हणजे लक्षण असणे, त्याच्याशी झगडणे आणि त्याने जगणे अडणे ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भान आरंभीच होते.

१९७७ च्या मॉड्सली प्रश्नावलीने (हॉजसन व रॅकमन) हे सारे सोपे केले : ३० विधाने, प्रत्येकापुढे खरे किंवा खोटे. धुणे, तपासणे, संथपणा, शंका अशी तिची विभागणी होती. सोपेपणाची किंमत म्हणून विरोध आणि व्यत्यय गळून पडले. इटलीत सानाव्हिओ ह्यांनी १९८८ मध्ये पादुआची ६० विधानांची प्रश्नावली सिद्ध केली, तीत शून्य ते चार अशा पायऱ्या आल्या. पुढच्याच वर्षी येल-ब्राउन मापनी आली व ती आजही प्रमाण मानली जाते. मात्र ती मुळात तज्ज्ञाने मुलाखत घेऊन भरावयाची आहे, स्वनिवेदनाची आवृत्ती मागाहून निघाली. एड्ना फोआ व त्यांच्या सहकाऱ्यांची सुधारित संक्षिप्त प्रश्नावली २००२ ची. तीत केवळ १८ विधाने आहेत : धुणे, तपासणे, रचना लावणे, वस्तू साठवणे, नको ते विचार आणि मनातल्या मनात केलेले ‘उतारे’ ह्या सहा गटांत प्रत्येकी तीन. उत्तरकर्त्याने गेल्या महिन्याभरात प्रत्येक अनुभवाचा किती त्रास झाला ते शून्य ते चारमध्ये सांगावयाचे. एकूण गुण अधिकाधिक ७२. २१ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास विकाराची शक्यता धरून पुढील तपासणी करावी, असा सीमांक मूळ अभ्यासात सुचवलेला आहे. २०१० मधील अब्रामोविट्झ व सहकाऱ्यांच्या २० प्रश्नांच्या मापनीत लक्षणांच्या चार प्रकारांपैकी प्रत्येकासाठी किती वेळ जातो, काय टाळले जाते, किती क्लेश होतो, किती अडते आणि तो विचार बाजूला सारणे किती कठीण जाते, असे पाच प्रश्न आहेत. चाळीस वर्षांनी गाडी काहीशी लेटनच्या स्थानकावर परत आली म्हणावयाची!

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ह्यांपैकी कोणतीही स्वनिवेदनाची प्रश्नावली रोगनिदान करीत नाही. निदान मुलाखतीतून होते. प्रश्नावली चाळणीचे आणि मागोवा घेण्याचे काम करते : कोणाला अधिक तपासावे, आणि उपचारापूर्वी जे होते ते उपचारानंतर किती कमी झाले. एकाच व्यक्तीचे दोन वेळचे गुण ताडून पाहताना भाषेची अडचण फारशी बाधत नाही, कारण ती व्यक्ती दोन्ही वेळा शब्दांचा अर्थ बहुधा एकच घेते. दोन व्यक्तींची, दोन समाजांची, दोन भाषांची तुलना करू लागलो की मात्र प्रश्न उभा राहतो.

२

मराठीत मंत्रचळाचे एक ठळक चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून घरात येणारी चीजवस्तू धुऊन घेण्यापर्यंत हा ध्यास गेला आणि बायको-मुलांचे जगणे त्याच्या भोवती फिरू लागले. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. पण त्या हसण्याखाली एका घराची झालेली फरफट वाचकाला दिसल्यावाचून राहत नाही.

आज रोगवर्णन म्हणून वाचले तर ह्या प्रकरणात बरेच काही आहे : आघातानंतरची सुरुवात, दूषित होण्याची भीती, धुण्याची कृती, कुटुंबाचा त्या कृतीत ओढला गेलेला सहभाग. मेलेल्या माणसाचे निदान पुस्तकावरून करण्याचा हा खटाटोप नव्हे, आणि तो करूही नये. प्रश्न वेगळा आहे. समजा, अठरा विधानांचा तो कागद मराठीत करून लक्ष्मीबाईंच्या वडिलांपुढे ठेवला असता, तर त्यांना किती गुण पडले असते?

येथे ‘त्रास’ हा शब्द कळीचा आहे. इंग्रजी प्रश्नावलीत ज्या शब्दाने मनःक्लेश विचारला जातो, त्यासाठी मराठीत ‘त्रास’ हाच सर्वांत सहज प्रतिशब्द आहे, आणि तो दुधारी आहे. मराठीत त्रास ‘होतो’ तसा कोणीतरी तो ‘देते’ही. सोवळे हे कर्तव्य मानणारा गृहस्थ धुण्याच्या विधानापुढे शून्य लिहील, कारण कर्तव्याचा त्रास कसला? तोच गृहस्थ, त्याच कागदावर, त्याच विधानापुढे चारही लिहू शकेल. कारण मुले जिकडे-तिकडे शिवतात, गडी निष्काळजी आहे, बायकोला कळत नाही, आणि ह्या सर्वांचा त्याला अतोनात त्रास होतो. शून्य आणि चार ही श्रेणीची दोन टोके. एकाच माणसाची, एकाच दुखण्याची, दोन्ही प्रामाणिक उत्तरे.

मापनशास्त्र ह्याला उत्तरातील चूक म्हणेल. मला ती चूक वाटत नाही. स्वनिवेदनाच्या प्रश्नावलीने एक विशिष्ट ‘मी’ गृहीत धरलेला आहे : जो कृती करतो आणि त्याच वेळी तिच्याकडे परक्यासारखा पाहतो, जो म्हणू शकतो की हे मला नको आहे तरी मी करतो. हा दुभंगलेला निवेदक आधुनिक कादंबरीच्या वाचकाला चांगला परिचयाचा आहे. परंतु तो सर्वत्र, सर्व काळी आयता सापडत नाही. मनोविकारशास्त्राला हे ठाऊक नाही असे नव्हे. अमेरिकन वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ह्या विकाराचे निदान करताना रुग्णाची स्वतःच्या स्थितीबद्दलची जाण चांगली, अपुरी की मुळीच नाही, हेही नोंदवावयास सांगितले आहे. अडचण इतकीच की ही जाण अपुरी असलेल्या माणसालाच आपण त्याचा त्रास मोजावयास बसवतो.

३

होसकोटे हे बेंगळुरूच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवरील तालुक्याचे गाव. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे ह्यांच्यासह होसकोट्याचेही नाव येते. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या येथील छावणीवर हैदर अलीने रात्री हल्ला केला होता. ह्या पट्ट्यात मराठे ‘आरे’ म्हणून ओळखले जातात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात तेलुगूही, असा त्यांपैकी अनेकांचा भाषाव्यवहार आहे. मनाचे दुखणे घेऊन अशा घरातील माणूस बेंगळुरूला निम्हान्सकडे गेला (ही संस्था १९७४ मध्ये जुने मनोरुग्णालय व अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून उभी राहिली आणि मंत्रचळावरील संशोधनासाठी ती देशात नावाजलेली आहे), तर त्याच्यापुढे येणारा कागद कोणत्या भाषेतला असावा? घरची भाषा मराठी म्हणून मराठीतला? पण ती तो वाचत नसेल. वाचावयाची भाषा कन्नड म्हणून कन्नडमधला? पण दुखणे तर मराठीत झालेले आहे.

दूषित होण्याच्या भीतीची विधाने घेऊ. इंग्रजीत ह्यासाठी दोन-तीन शब्दांत भागते. मराठीत सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशिव, उष्टे, खरकटे, पारोसे, घाण, अस्वच्छ, दूषित, जंतू अशी रांग उभी राहते. कन्नडमध्ये मडी-मैलिगे, एंजलु, मुसुरे असे जवळजवळ समांतर शब्द आहेत. खरकटे आणि मुसुरे ह्यांची जोडी तर ज्याने दोन्ही स्वयंपाकघरे पाहिली आहेत त्याला भाषांतराशिवाय पटते. शिजलेल्या भाताचे शीत लागलेला हात घाण नसतो, तो खरकटा असतो. आणि तो साबणाने नव्हे, पाण्याने शुद्ध होतो. इंग्रजी विधानातील मळाची कल्पना वैद्यकीय आहे, ही कल्पना व्यवस्थेची आहे. मेरी डग्लस ह्यांनी १९६६ मध्ये मांडलेली, मळ म्हणजे जागा चुकलेली वस्तू, ही व्याख्या आपल्या वाचकांना परिचित असल्याने तिचा विस्तार येथे करीत नाही.

अनुवादकाने ‘जंतू’ हा शब्द घेतला तर प्रश्न सुरक्षित राहतो, परंतु सोवळ्याच्या वाटेने आलेला मंत्रचळ त्या जाळ्यातून निसटतो. ‘विटाळ’ घेतला तर तो सापडतो. मात्र त्याबरोबर दुसरे बरेच काही येते. विटाळ हा मराठीत मासिक पाळीचा शब्द आहे आणि जातीचा शब्द आहे. चौदाव्या शतकात चोखामेळ्याने ज्या कल्पनेलाच आव्हान दिले, आणि राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने जिच्यावर उभारलेली अस्पृश्यता १९५० पासून नष्ट केली, ती कल्पना आरोग्याच्या कागदावर एक तटस्थ लक्षण म्हणून छापणे कसे योग्य होईल? ज्याला विटाळ मानले गेले त्याच्याही हाती हाच कागद पडणार आहे. उलट, सोवळ्याच्या सर्व वागणुकीला ‘धर्म’ म्हणून प्रश्नावलीबाहेर ठेवले, तर त्या घरातील आजारी माणसाला उपचारच मिळत नाहीत. हा पेच शब्दकोश उघडून सुटत नाही.

ह्या संदर्भात १९७५ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी चक्रवर्ती आणि बॅनर्जी ह्यांनी कर्मकांड, शुचिबाई आणि मंत्रचळ ह्यांची बंगाली समाजातील सीमारेषा तपासणारा निबंध भारतीय मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात लिहिला. त्याच वर्षी चंडीगढच्या अख्तर, विग व सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि त्यात लक्षणांचे ‘रूप’ व ‘आशय’ असे दोन स्वतंत्र अक्ष कल्पिले. शंका, भीती, आवेग, प्रतिमा ही रूपे; मळ, हिंसा, धर्म, लैंगिकता, निर्जीव वस्तू हे आशय. आशय आणि रूप ह्यांवर मराठी समीक्षेने केवढी शाई खर्च केली आहे! मनोविकारतज्ज्ञांनी ती जोडी ज्या साधेपणाने वापरली, तिचा आपल्याला हेवा वाटावा. ह्या विभागणीचा व्यावहारिक अर्थ असा की आशय संस्कृतीकडून येतो, म्हणून भाषेगणिक बदलतो. विकार ओळखावयाचा तो रूपावरून. पूजेपूर्वी स्नान करणारा आणि मंत्रचळाने स्नान करणारा ह्यांचा आशय एकच असू शकेल. परंतु पहिल्याचे स्नान संपते. दुसऱ्याचे संपत नाही, आणि संपले तरी ‘झाले’ असे त्याला वाटत नाही. फ्रॉइडने १९०७ च्या निबंधात मंत्रचळाच्या कृती आणि धर्मविधी ह्यांतील साम्य दाखवले होते. भारतीय वाचकाला त्या साम्याइतकाच हा फरकही महत्त्वाचा वाटेल. स्वनिवेदनाच्या प्रश्नावल्या मात्र बहुधा आशयाच्या नामांवर उभ्या आहेत : हात, कुलूप, आकडे, डाग.

४

नामांपेक्षा क्रियापदांत अधिक काही सापडेल, असे माझे मत आहे. ‘मी हात धुतो.’ ‘मला हात धुवावेसे वाटतात.’ ‘मला हात धुवावे लागतात.’ ‘माझ्याकडून हात धुतले जातात.’ ‘हात धुतल्याशिवाय मला राहवत नाही.’ पाचही वाक्ये रोजच्या मराठीतली आहेत आणि पाचांत ‘मी’ची जागा वेगळी आहे. पहिल्यात तो कर्ता आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात तो चतुर्थीत सरकतो. एकात इच्छा त्याच्याकडे येते, दुसऱ्यात सक्ती. चौथ्यात कृती त्याच्या हातून घडते पण तो तिचा धनी नाही. पाचव्यात न करण्याची शक्तीच नाही, आणि मंत्रचळाचे रूप ह्या पाचव्या वाक्यात सर्वांत नेमके पकडले जाते. इंग्रजी विधाने बहुधा कर्त्याच्या ‘मी’नेच सुरू होतात, आणि शब्दशः अनुवाद करणारा तो ‘मी’ तसाच मराठीत आणतो. त्यातून ‘मी आवश्यकतेपेक्षा अधिक वेळा हात धुतो’ अशा घडणीचे वाक्य तयार होते, जे व्याकरणाने शुद्ध आणि अनुभवाने कोरडे असते. ‘आवश्यकतेपेक्षा अधिक’ हे ज्याला मान्य असते, त्याचे दुखणे अर्धे ओळखले गेलेलेच असते.

‘धुवावे लागतात’ ह्या रूपातही सावध राहावयास हवे. रुग्णालयातील परिचारिकेला दिवसातून अनेक वेळा हात धुवावे लागतात, ती खुशाल चार गुण देईल. सक्ती बाहेरची की आतली, हे ‘लागते’ सांगत नाही. ‘राहवत नाही’ सांगते.

कन्नडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. ‘बेकु’ ह्या एका शब्दात हवे असणे आणि केलेच पाहिजे असणे दोन्ही सामावतात. ‘नानु होगबेकु’ हे वाक्य प्रसंगानुसार ‘मला जायचे आहे’ही होते आणि ‘मला गेले पाहिजे’ही. मराठीत ‘वाटते’ आणि ‘लागते’ ह्यांनी जे दोन खण पाडले, ते तेथे उघडे आहेत. फरक दाखवताच येत नाही असे नव्हे. ‘होगबेकागुत्तदे’ म्हटले की सक्ती स्पष्ट होते, ‘अन्निसुत्तदे’ जोडले की वाटणे येते. पण प्रश्नावलीचा अनुवादक वाक्य आटोपशीर ठेवण्याच्या नादात नुसत्या ‘बेकु’वर थांबला, तर होसकोट्याच्या आपल्या द्विभाषिक माणसाने ते इच्छा म्हणून वाचले की सक्ती म्हणून, हे त्याच्या गुणांवरून कधीच कळणार नाही. घरी त्याच्या आईने ‘ह्याला राहवत नाही’ असे जे म्हटले होते, त्याची कागदावर जागाच नसेल.

नको त्या विचारांच्या विधानांत मराठी उलट फार पुढे आहे. विचार आपण ‘करतो’ तसा तो मनात ‘येतो’ही, आणि ‘नको नको ते मनात येते’ ही तक्रार कोणालाही समजते. रामदासांनी २०५ श्लोकांत मनाला समोर बसवून समजावले, तेव्हापासून तर मन हे आपल्या ताब्यात नसलेले एक वेगळे माणूसच आहे अशी आपली रीत पडली आहे. परिणामी, विचारांवर ताबा ठेवणे कठीण जाते अशा आशयाच्या विधानाला निरोगी मराठी माणूसही नम्रपणे ‘थोडेसे’ म्हणण्याचा संभव मोठा. मनावर पूर्ण ताबा आहे असे म्हणणे हाच आपल्याकडे गर्व ठरतो.

५

काही विधानांकडे केवळ ओझरते पाहिले तरी पुरे. चांगल्या-वाईट आकड्यांविषयीच्या विधानापुढे, ‘तीन तिघाडा’ ऐकत वाढलेला आणि आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालणारा माणूस काय लिहील? वस्तू साठवण्याची विधाने आपल्या घरांच्या माळ्यांना ‘कधीतरी उपयोगी पडेल’ ह्या तत्त्वासह सरसकट गुण देतील; सुदैवाने २०१३ पासून साठवण हा स्वतंत्र विकार मानला जातो आणि नंतरच्या संक्षिप्त आवृत्तीतून ती विधाने वगळलीही आहेत. तपासण्याच्या गटासाठी मराठीजवळ खुंटा हलवून बळकट करण्याचा वाक्प्रचार आहे, पण त्यात शहाणपणाचे कौतुक असल्याने तो येथे निकामी. उत्तरांच्या पाच पायऱ्यांतील मधली पायरी ‘मध्यम’ अशी छापली जाण्याचा संभव असतो. ‘मला मध्यम त्रास होतो’ असे मराठीत कोण म्हणते? ‘बऱ्यापैकी’ म्हणतात, आणि चौथ्या पायरीवर ‘बरेच’ छापलेले असेल तर दोहोंतील अंतर वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

अनुवाद पारखण्याची रूढ पद्धत उलट अनुवादाची आहे. रिचर्ड ब्रिस्लिन ह्यांच्या १९७० च्या निबंधाने ती प्रतिष्ठित झाली : एकाने मराठी करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता त्याचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. ह्या पद्धतीतून ढोबळ चुका सापडतात, ह्यात शंका नाही. परंतु तिची परीक्षा नेहमी इंग्रजीच्या अंगणात होते. ‘त्रास’चे उलट इंग्रजी बिनचूक होईल आणि त्याची दुसरी धार कागदावर दिसणारही नाही. ‘राहवत नाही’ मात्र परत जाताना अडखळेल आणि समितीकडून बहुधा नापास होईल. शब्दशः केलेले विधान ह्या परीक्षेत नेहमी पहिले येते.

दुसरी वाट ह्याच देशात घडलेली आहे. मिचेल वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून विकसित केलेली मुलाखतपद्धती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे निम्हान्समध्ये नैराश्याच्या अभ्यासासाठी तिचा उपयोग झाला. रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतो, त्याचे कारण काय मानतो, कोणाकडे मदत मागतो, हे आधी ऐकावयाचे आणि मोजणी त्यानंतर, अशी तिची रीत आहे. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक ह्यांनी ध्वनिविचारातून घडवलेला ‘एमिक’ हा शब्द तिच्या नावात येतो, हे आपल्या विद्याशाखेला सुखावणारे आहे. तिला वेळ लागतो, माणसे लागतात. अठरा विधाने काही मिनिटांत भरून होतात. २०१५–१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण निम्हान्सने बारा राज्यांत केले, त्याची पूर्वचाचणी होसकोट्याच्या शेजारच्या कोलार जिल्ह्यात झाली. तेथे प्रशिक्षित मुलाखतकार घरोघर गेले, कागद लोकांच्या हाती दिला नाही. महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्या बारांत नव्हती.

आणि घरातील इतर माणसांचे काय? १९९५ मध्ये कुटुंबीय रुग्णाच्या कृतींशी किती जुळवून घेतात, त्याच्यासाठी स्वतः काय धुतात, काय टाळतात, कोणत्या शंकेला किती वेळा तेच उत्तर देतात, हे मोजणारी एक मापनी तयार झाली. तिची नातेवाइकांनी स्वतः भरावयाची आवृत्तीही पुढे आली. हेही स्वनिवेदनच, पण येथील ‘मी’ आजारी माणसाशेजारी उभा आहे. लक्ष्मीबाईंचे पहिले प्रकरण ह्या दुसऱ्या कागदाच्या जवळचे आहे. वडिलांनी कागद भरला असता तर त्यावर शून्य असते की चार, हे ठरवता येत नाही. मुलीने भरलेला कागद आपल्यापाशी आहे, आणि त्यात कोणी काय धुतले, कोणाला कशाला शिवू दिले नाही, हे मराठीतच नोंदलेले आहे.